अडीच फेरे

राव सारांच्या माडीवर मी भाडेकरू म्हणून गेले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या खाटेवर पाणसळ ठेवली. नवीन माणूस आलं की लोक पाणी विचारतात, गाव विचारतात. हे गृहस्थ पिशवीतून हातभर पितळी पट्टी काढून, तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा निरखत उकिडवे बसले. बुडबुडा पायथ्याकडे सरकला होता.

"उशाकडे उतार आहे, अम्मा. निजल्यावर डोकें जड होईल," ते म्हणाले. उशाकडच्या दोन्ही पायांखाली त्यांनी पोस्टकार्डाच्या घड्या सारल्या, पुन्हा पाहिलं आणि खाली निघून गेले. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

मी मूळची मालवणची. समुद्रातल्या गवताची पाहणी करायच्या कामावर तीन वर्षांसाठी तंजावूरला गेले होते. राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आहेत असं कळलं, म्हणून तिथं खोली शोधली. मराठी मिळाली, पण कशी? आजोबांच्या कपाटातली जुनी पत्रं उठून बोलायला लागावीत तशी, आणि वर तमिळचा हेल. राव सारांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांचं मराठी सगळं कानावरचं, आईकडून आलेलं. "लिहिलेलें तुम्ही वाचा, बोललेलें आम्ही राखलों," असं ते म्हणायचे, आणि त्यात थोडा तोराही असायचा.

नाव सेतुमाधवराव. तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवण्यात उभा जन्म गेला, म्हणून 'सार', म्हणजे सर. तमिळमध्ये पाणसळीला रसमट्टम म्हणतात, म्हणून विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'रसमट्टम सार' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असा माझा वहीम आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते लोखंडाचा एक ठोकळा द्यायचे आणि कानस. सहाही बाजू सपाट आणि काटकोनात येईपर्यंत घासत बसायचं. कोणी म्हणालं, "सार, बघा, झालं," की सार बघायचेच नाहीत. "माझ्या डोळ्याला काय विचारतोस? गुण्या लाव," म्हणायचे.

डोळ्यावर त्यांचा भारी राग. "डोळा सोयऱ्यासारखा आहे, अम्मा. जें आपल्याला आवडतें, त्याला बरोबर म्हणतो. पाणसळ कोणाची सोयरी नाहीं."

एका लग्नात मी त्यांच्याबरोबर जेवायला बसले होते. केळीच्या पानावर भात वाढला, त्यावर रसम आलं आणि डावीकडे धावलं. माझंही डावीकडे, समोरच्यांचंही डावीकडे. सगळे हातानं बांध घालून जेवायला लागले. राव सार मात्र हात आवरून विचारात पडले. मग उजवा हात तसाच बरबटलेला ठेवून डाव्या हातानं त्यांनी मांडीखालची पिशवी ओढली. "अहो, नकों!" त्यांच्या पत्नी, रुक्मिणीकाकू, पलीकडच्या पंगतीतून ओरडल्या. पण तोवर पाणसळ फरशीवर होती. कार्यालय मुलीच्या बापानंच नवं बांधलेलं. दोन वर्षं त्या घरानं यांना कसलंही आमंत्रण दिलं नाही. यांचं म्हणणं एकच, "मी काय उतार केलों? मी उतार पाहिलों."

असा माणूस होडीच्या भानगडीत पडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तंजावूरहून समुद्र काही फार लांब नाही. ओरत्तनाडु, मग पट्टुकोट्टै, मग पुढं कोळ्यांची गावं. पण राव सार आयुष्यात होडीत बसले नव्हते. बसमध्येसुद्धा पुढच्या बाकावर, लिंबू हुंगत बसायचे.

त्यांना तिकडं ओढलं ते अंतोणीनं. अंतोणी त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला एका ठोकळ्याऐवजी तीन घासावे लागले होते, कारण पहिले दोन घासता घासता फार लहान झाले. आता त्याची अठरा फुटी फायबरची होडी होती आणि आमच्या पाहणीच्या कामाला मी तीच घ्यायचे. होडी चांगली होती. बिघडली ती नव्या इंजिनानं. जुनं इंजिन मोडलं, नवं घेतलं, ते जुन्यापेक्षा बरंच जड निघालं. वेग घेतला की मागचं बूड पाण्यात दबायचं आणि पुढचं नाक आभाळाला लागायचं. अंतोणी मुळात बुटका. होडीच्या डाव्या बाजूला उभं राहून, वाकून उजव्या हातानं इंजिनाचा दांडा धरून चालवायचा, तरीही समोरचं शंभर पावलांचं पाणी त्याला दिसायचं नाही.

आणि त्या किनाऱ्याला समुद्र असा उथळ, की अर्धा मैल आत गेलं तरी माणूस छातीभर पाण्यात उभा असतो. मारियप्पन नावाचा म्हातारा रोज तसा उभा राहून खेकड्यांची जाळी उचलायचा, शेजारी थर्माकोलची लादी तरंगत ठेवून. एका सकाळी अंतोणीची होडी त्या लादीवरून गेली. लादीचे दोन तुकडे झाले. मारियप्पननं वेळेवर बुडी मारली म्हणून वाचला. मी होडीत होते. मागं वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर नुसते पांढरे तुकडे होते, आणि ते डोकं वर येईपर्यंतचा वेळ मी अजून विसरलेले नाही. अंतोणी त्यानंतर दोन दिवस जेवला नाही.

गावच्या पंचांनी निकाल दिला: नाक खाली आलं तर होडी चालव, नाहीतर इंजिन उतरव. पाऊस संपून पाहणीचा मुख्य हंगाम सुरू व्हायला महिना होता. इंजिन उतरवलं तर आमचं काम दुसऱ्याकडे जाणार आणि अंतोणीची चूल विझणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्यानं नाकात वाळूची पोती टाकून पाहिली. नाक खाली आलं, पण होडी लाटेवर अशी आदळायला लागली की माझी उपकरणं आणि दात दोन्ही खिळखिळे झाले. मग कोणीतरी त्याला मोबाईलवर ट्रिम टॅबचा व्हिडिओ दाखवला. होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या तळाशी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, बिजागरीवर बसवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या. त्या जरा खाली झुकवल्या की धावताना तळाखालचं पाणी त्यांच्यावर दाबतं, बूड उचललं जातं, नाक उतरतं. बस, एवढंच. अंतोणी तो व्हिडिओ घेऊन थेट राव सारांच्या ओसरीवर येऊन बसला.

सारांनी तो सात वेळा पाहिला. व्हिडिओत बटन दाबलं की मोटर पट्टी हलवायची. सारांनी तिथंच नकार दिला. "खाऱ्या पाण्यात वायर? बिघडली की चेन्नैहून माणूस येईपर्यंत मारियप्पननं किती वेळां बुडी मारायची?" त्यांनी ठरवलं: जाड स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, प्रत्येकीला आट्यांचा एक दांडा, पान्यानं नट फिरवला की पट्टी झुकते, दुसरा नट आवळला की जागच्या जागी राहते. माप काय घ्यायचं? होडी जितके फूट तितके इंच पट्टीची रुंदी, असा ठोकताळा माहितगार लोक सांगतात. तेवढी बसते का, हे सारांनी आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, होडीच्या बुडाला चिकटवून पाहिलं. इंजिनाच्या पंख्याच्या फार जवळ गेली तर पंखा हवा पिणार. फार बाहेर गेली तर वळताना ओढणार. अठरा इंच जेमतेम बसले. पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा होता, त्यामुळे आठवडाभर त्या होडीच्या पाठीवर मुरुगन आणि लक्ष्मी दोघं होते.

पट्ट्या बसवायला दोन दिवस लागले. होडी नारळीखाली ओंडक्यांवर चढवलेली. सार प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला टॉवेल. भोकं अंतोणी पाडायचा, पण खूण सारांची. पट्टीची बिजागरी तळाच्या कडेपासून पाव इंच वर हवी. खाली राहिली तर पाणी तिच्या कडेवर आपटतं. हे पाव इंच त्यांनी इतक्या वेळा मोजलं, की बघायला आलेल्या बायका कंटाळून घरी गेल्या. प्रत्येक भोकात पांढरा चिकट मसाला भरून मगच स्क्रू. आतलं लाकूड एकदा भिजलं की कुजणार म्हणून.

"भोंक पाडणें सोपें," ते मला म्हणाले. "होडीला कळूं नये कीं भोंक पडलें."

मला त्यांचा कंटाळाही येत होता, हे कबूल करते. आमच्याकडे मालवणात असल्या कामाला एक सकाळ आणि दोन शिव्या पुरतात.

चाचणीच्या दिवशी पंच धक्क्यावर उभे. सार होडीत बसणं शक्यच नव्हतं, तेही धक्क्यावर. अंतोणीनं वेग घेतला आणि नाक उतरलं. खरंच उतरलं! मी टाळ्या वाजवल्या. पण होडी वळून परत येताना दिसलं की ती डाव्या कुशीवर कलली आहे. नाक वर असताना हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डावीकडे वळताना तर तिची कड पाण्याला टेकायला आली.

पंचांतला थोरला म्हणाला, "सार, नाक आलं, पण पोरगी कुशीवर झोपली. अशी उलटली तर आतले मरतील. पुढच्या रविवारी परत दाखवा. तेव्हाही अशीच असेल तर इंजिन उतरवायचं."

सारांनी पट्ट्या मोजल्या. दोन्ही अगदी सारख्या. बिजागऱ्या सारख्या, झुकाव सारखा. मग ते खुर्चीत बसले आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिले. "मी रिकामी होडी मोजलों, अम्मा," ते हळू म्हणाले. "ओंडक्यावर चढवून, रिकामी. पहिल्या वर्षाच्या पोरानें केलें असतें तर मी कानस फेकून मारलों असतों." काकूंनी दिलेला दहीभाताचा डबा त्यांनी तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पहिल्या बसनं आले आणि सकाळभर धक्क्यावर बसून आम्ही होडीत कसे चढतो ते बघत राहिले. दुपारी मला बाजूला घेऊन मराठीत विचारलं, अंतोणीला कळू नये म्हणून. "मागची उजवी फळी. तिच्यावर कोणी कां बसत नाहीं? अस्के लोक तिला ओलांडून जातात. चालवणारानें तिथें बसायचें, डाव्या हातानें दांडा धरायचा. अस्क्या होड्यांत तसेंच आहे. हा एकटा डावीकडे उभा कां?"

'अस्के' म्हणजे त्यांच्या मराठीत 'सगळे'. कारण मला ठाऊक होतं. ती सवेरीची जागा. सवेरी अंतोणीचा थोरला भाऊ. होडी त्याची, चालवायचाही तोच, आणि अंतोणी डावीकडे बसून जाळी ओढायचा. तीन वर्षांपूर्वी वादळात एक दुसरी होडी उलटली, तिच्यातल्यांना काढायला त्यानं उडी मारली आणि तो परत आला नाही. तेव्हापासून त्या फळीवर कोणी बसत नाही, काही ठेवतही नाही. कोणी तसा नियम केला नव्हता. आई अधूनमधून येऊन ती फळी पुसून जायची, एवढंच.

सार परतीच्या बसमध्ये लिंबू हुंगायचंही विसरले. ओरत्तनाडूला बस थांबली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सरळ अंतोणीला सांगा की उजवीकडे बस. दोन मिनिटांचं काम."

"तुम्ही सांगाल?"

मी दुसरा उपाय काढला.

"मग बर्फाचं खोकं तरी तिकडे सरकवू."

"त्याच्या जागेवर मासे ठेवायचे?" ते इतक्या जोरात म्हणाले की कंडक्टरनं वळून पाहिलं. मला माझी लाज वाटली. पट्टुकोट्टैपासून मी हेच उत्तर घेऊन बसले होते आणि ते मला फार शहाणपणाचं वाटत होतं.

शनिवारी आम्ही परत गेलो. अंतोणी होडीशी वाकून काही करत होता. सार त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तमिळमध्ये म्हणाले, "तुझ्या भावाचं वजन किती होतं?"

मला वाटलं, संपलं. अंतोणी सरळ झाला. तीन वर्षांत त्याच्यासमोर सवेरीचं नाव कोणी काढलं नव्हतं. सगळे जपून, वळसा घालून बोलायचे. तो म्हणाला, "बहात्तर किलो, सार. रेशनच्या दुकानाच्या काट्यावर पैजेनं मोजलं होतं. मी म्हणायचो सत्तर, तो म्हणायचा पंचाहत्तर." आणि हसला. हसता हसता तोंडावरून हात फिरवून तो मागं वळला, आणि सवेरी किती खायचा, तव्यावरून उतरल्या उतरल्या किती डोसे संपवायचा, हे सगळं सांगत सुटला. सार मान हलवत होते आणि बसच्या तिकिटामागं आकडा लिहीत होते.

"सरि," ते म्हणाले. "बहात्तर."

मग पाना मागितला. हिशेब सोपा होता. होडी दोघा भावांवर तोललेली होती. उजवीकडचे बहात्तर किलो गेले म्हणून ती डावीकडे कलत होती. तेव्हा डावी पट्टी जास्त झुकवायची, म्हणजे धावताना पाणी डावं बूड वर ढकलेल. डाव्या पट्टीचा नट दोन फेरे दिला. अंतोणी चक्कर मारून आला. कमी. तीन फेरे. जास्त. अर्धा मागं घेतला. अडीच फेऱ्यांवर दुसरा नट आवळला आणि सार म्हणाले, "उभी असेल तेव्हां कलेल. धांवेल तेव्हां सरळ. याहून जास्त मला येत नाहीं." त्यांच्या तोंडून 'येत नाही' मी तेवढं एकदाच ऐकलं.

राव सारांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी तेव्हा तंजावूर सोडलेलं होतं. फोन काकूंचा आला. आठवायला बसलं की ओसरीवरचे, लग्नातले, बसमधले सार येऊन जातात, पण शेवटी डोळ्यासमोर राहतात ते त्या रविवारचे.

पंच धक्क्यावर आले होते. मारियप्पन नेहमीसारखा लांब पाण्यात उभा होता, नव्या लादीशेजारी. मी आणि माझा सहकारी आमच्या जागी बसलो. अंतोणी डावीकडे दांडा धरून उभा. आणि सार गुडघ्यापर्यंत वेष्टी गुंडाळून, पिशवी काखेत मारून धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागले.

"काका, तुम्ही?"

"रिकामी मोजलों तेव्हां चुकलों. आतां भरलेली मोजायची."

दोघांनी धरून त्यांना आत घेतलं. पाय ठेवताच होडी हलली आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. अंतोणीनं पाहिलं. त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला, ती मागची उजवी फळी पुसली आणि म्हणाला, "सार, तुम्ही इथं बसा."

होडीतले सगळे त्या फळीकडे बघत होते. धक्क्यावर त्याची आई उभी होती. तीही बघत होती.

सारांनी मान हलवली. "नको रे," ते तमिळमध्ये म्हणाले. "ती जागा मापात धरली आहे. मी बसलो तर अडीच फेरे खोटे पडतील." आणि ते मधोमध, बर्फाच्या खोक्यावर, समुद्राकडे पाठ करून बसले.

होडी निघाली, वेग घेतला, नाक उतरलं. सारांनी पिशवीतून पाणसळ काढून दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि डोळे गच्च मिटून घेतले. ओठ पांढरे पडले होते.

"बुडबुडा कोठें आहे, अम्मा?"

"मध्ये आहे, काका."

"डोळ्यानें सांगतां कीं रेघ पाहून?"

मी वाकले. नळीवर दोन बारीक रेघा होत्या. बुडबुडा थरथरत होता, पण त्या दोन रेघांच्या आत. "रेघ पाहून," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. बुडबुड्याकडे पाहिलं नाही. अंतोणी अजून उभाच होता, टाचा उंचावून, सवयीनं.

"अंतोणी," सार म्हणाले, "आता दिसतंय ना? बसून चालव."

अंतोणी बसला. डावीकडेच बसला. लांबवर मारियप्पनचं डोकं आणि पांढरी लादी दिसत होती, आणि होडी तिथं पोचायच्या कितीतरी आधीच त्यानं मोठा वळसा घेतला. म्हाताऱ्यानं पाण्यातून हात वर केला. सारांना ते दिसलं नाही. त्यांची समुद्राकडे पाठ होती, पाणसळ दोन्ही हातांनी धरलेली, आणि शेजारची पुसलेली फळी पाण्याच्या तुषारांनी हळूहळू ओली होत होती.